एका मोटार-वहींतील आंकडा : आमच्या वाचनाची दुरुस्ती

सनदा, महजर, ताळेबंद आणि शकावल्या यांच्या पंक्तीस मोटारीच्या खर्चाची वही आणून बसवावी, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. परंतु कागद कशाविषयींचा आहे यापेक्षां तो कसा वाचावा हा प्रश्न संशोधकास अधिक महत्त्वाचा. आणि सदर वहीच्या वाचनांत आमच्या हातून जी चूक झाली ती कोणत्याहि जुन्या कागदाच्या वाचनांत होण्यासारखी आहे. त्या चुकीमुळें एका प्रामाणिक कारागिरावर आळ आला. तो आळ दूर करणें हा या लेखाचा पहिला हेतु. दुसरा हेतु असा कीं, जुन्या मोटारी बाळगणारे लोक पेट्रोलची बचत व्हावी आणि थंडीच्या सकाळीं गाडी लवकर चालूं व्हावी म्हणून जे उपाय करितात, त्यांपैकीं बरेचसे उपाय मूळ यंत्र न वाचतांच केलेले असतात. तें यंत्र कसें वाचावें हें त्याच्याच इतिहासावरून दाखवितां येतें.

(१) वहीचें वर्णन

सदर वही आमच्या मामांची. ते नाशिक येथें वकिली करीत. त्यांची फियाट ११०० ही गाडी त्यांच्या पश्चात् आमच्याकडे आली आणि तिच्या पुढच्या खणांत ही वही सांपडली. वही लांबट, खाकी पुठ्ठ्याची, दोऱ्यानें शिवलेली आहे. शाई निळी, मधून मधून पेन्सिलीचीं टिपणें. पहिलीं वीस-बावीस पानें मोडींत लिहिलेलीं असून पुढील सर्व लेखन बाळबोध आहे. प्रत्येक नोंदींत तारीख, अंतर, पेट्रोल, तेल आणि ‘शेरा’ असे पांच रकाने आहेत. शेऱ्याच्या रकान्यांत वकिली स्वभाव स्पष्ट दिसतो : गाडीनें काय केलें तें लिहिलें आहे, तिनें काय करावयास हवें होतें तें लिहिलेलें नाहीं.

गाडीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईजवळील कुर्ला येथील कारखान्यांत १९५० नंतरच्या दशकांत इटलींतील फियाट कंपनीच्या ११०० या गाड्या तयार होऊं लागल्या. त्याच घराण्यांतील गाडीस १९७४ सालीं ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. एंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरचें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत तिनें कित्येक दशकें राज्य केलें. तेथें या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली, आणि वीस वर्षांची मुदत संपतांच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. आतां या गाड्या खासगी संग्राहकांपाशीं काय त्या उरल्या आहेत. म्हणूनच त्यांचे कागद जपण्याची वेळ आली आहे.

वही वाचणारास पहिला अडथळा मापांचा येतो. देशांत १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं, पेट्रोल लिटरांत मिळूं लागलें. तरी मामांचा हिशेब मैल आणि गॅलन यांचाच राहिला. ते लिटरांचे गॅलन करीत आणि मग भागाकार मांडीत. चांगल्या रस्त्यावर ‘३४’ असा आंकडा वारंवार येतो. इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरांचा, त्या हिशेबानें ३४ मैल म्हणजे लिटरास सुमारें १२ किलोमीटर. अमेरिकन गॅलन मात्र ३.७८५ लिटरांचाच असतो. तो धरला तर हाच आंकडा साडेचौदाच्या जवळ जातो. परदेशी पुस्तकांतील आंकड्यांशीं आपल्या गाडीची तुलना करून दुःखी होणाऱ्या गृहस्थांनीं आधीं गॅलन कोणता तें पाहावें. मण आणि शेर गांवोगांवीं निराळे असत हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस याहून अधिक सांगणें नको.

(२) यंत्राची पूर्वपीठिका

कार्ब्युरेटर या शब्दाच्या मुळाशीं लॅटिन ‘कार्बो’ म्हणजे कोळसा हा शब्द आहे. पेट्रोल द्रवरूपांत जळत नाहीं; त्याची वाफ हवेंत मिसळली म्हणजे जळते. ही मिसळ योग्य प्रमाणांत करून देणें एवढेंच या यंत्राचें काम. वजनानें पेट्रोलाच्या एका भागास हवेचे सुमारें १४.७ भाग असले म्हणजे दोहोंपैकीं कांहीं शिल्लक राहत नाहीं. जास्तींत जास्त जोर हवा असल्यास साडेबारा-तेरा भाग हवा पुरते. जास्तींत जास्त बचत पंधरा-सोळा भागांच्या आसपास होते. ज्या मिश्रणांत पेट्रोल अधिक त्यास आपण दाट म्हणूं, आणि ज्यांत हवा अधिक त्यास विरळ म्हणूं.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या गाडींत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ उचलण्याची रीत होती. १८८८ च्या ऑगस्टांत त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनीं मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास त्या गाडीनें केला, तेव्हां वाटेंत वीसलोख गांवीं औषधांच्या दुकानांतून लिग्रोइन नांवाचें इंधन विकत घ्यावें लागलें. तुंबलेली इंधनाची नळी त्यांनीं टोपीच्या पिनेनें मोकळी केली, असें परंपरेनें सांगतात. तसें असेल तर कार्ब्युरेटरचा मार्ग साफ करणें ही मोटारीची सर्वांत जुनी दुरुस्ती ठरते, आणि बहुधा आजहि तीच पहिली दुरुस्ती असते.

पृष्ठभागावरून वाफ उचलण्याच्या रीतींत दोष असा कीं, इंधनांतील हलका अंश आधीं उडून जातो आणि मागें राहिलेला जड अंश नीट उडत नाहीं. त्यावर उपाय म्हणजे बारीक छिद्रांतून इंधनाचे तुषार हवेंत सोडणें. या शोधाचा मान कोणाचा याविषयीं वाद आहे. बुडापेस्ट येथील दोनात बांकी व यानोश चोंका यांचें पेटंट ११ फेब्रुवारी १८९३ चें आहे. जर्मनींतील विल्हेल्म मायबाख यांचा तुषारयुक्त कार्ब्युरेटर त्याच वर्षींचा, परंतु त्यानंतरचा. बांकी आणि चोंका यांस ही कल्पना फुलांवर पाणी शिंपडणाऱ्या एका माळिणीस पाहून सुचली अशी कथा आहे. कथा गोड आहे. पण पेटंटाची तारीख हा पुरावा आहे आणि माळीण ही आख्यायिका आहे. दोहोंस एका रकान्यांत बसवूं नये.

छिद्रांतून इंधन वर कां चढतें याचें उत्तर याहूनहि जुनें आहे. नळीची कंबर जेथें बारीक तेथें वाहणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. हा सिद्धांत दानिएल बेर्नूली यांच्या १७३८ च्या ग्रंथांतून निघतो, आणि बारीक कंबरेच्या नळीस ज्यांचें नांव मिळालें त्या वेंतुरी यांचा प्रबंध १७९७ चा आहे. त्या कंबरेंत बसविलेलें, अचूक मापाचें छिद्र असलेलें जें लहानसें पितळी बोंडूक, त्यास जेट म्हणतात.

परंतु एकच छिद्र ठेवलें तर एंजिनाचा वेग वाढतांना मिश्रण आपोआप दाट होत जातें. यावर दोन निराळ्या परंपरा निघाल्या. फ्रान्सांत लीयों येथें बावरे यांनीं १९०६ सालीं मूळ जेटच्या जोडीस उलट प्रवृत्तीचा दुसरा जेट देऊन तोल साधला. झेनिथ कार्ब्युरेटरचा पाया तोच. पॅरिसच्या गूदार व मेनेसों यांचा सोलेक्स, आणि बोलोन्या येथें एदोआर्दो वेबर यांनीं १९२३ सालीं काढलेल्या कारखान्याचा वेबर, हे याच स्थिर जेटांच्या कुळांतले. वेबर यांचा प्रारंभींचा धंदाच फियाट गाड्यांसाठीं सुधारणेचे जोड तयार करण्याचा होता. दुसरी परंपरा इंग्लंडांतील स्किनर बंधूंची. त्यांनीं १९०४ च्या सुमारास असें यंत्र योजिलें कीं, ज्यांत हवेची वाट आणि जेटचें तोंड हीं दोन्हीं मागणीप्रमाणें लहान-मोठीं होतात, आणि जेटमध्यें एक निमुळती सुई वर-खालीं होते. हें घराणें पादत्राणांच्या व्यापारांतलें. त्यांच्या आरंभीच्या यंत्रांत चामड्याचा भाता होता. हीच एस. यू. कंपनी १९२६ सालीं मॉरिस यांच्याकडे गेली. संग्राहकानें आपलें यंत्र कोणत्या परंपरेचें आहे हें आधीं ठरवावें. एका शाखेच्या पोथीवर दुसऱ्या शाखेचें भाष्य चालत नाहीं.

(३) थंडीचा प्रारंभ

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून हलक्या-जड अशा अनेक अंशांचें मिश्रण आहे. थंड एंजिनांत त्यांतील हलका अंशच काय तो उडतो. बाकीचा थेंबांच्या रूपानें थंड भिंतींस चिकटून राहतो. म्हणून जळण्यापुरती वाफ मिळावी यासाठीं पेट्रोलच पुष्कळ द्यावें लागतें. कडाक्याच्या थंडींत नेहमींच्या तिपटी-चौपटीनें. याचा अर्थ असा कीं, बचत आणि थंडीचा प्रारंभ हीं दोन कामें एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकास विरळ मिश्रण हवें, दुसऱ्यास दाट. जो उपाय एकाच जेटमध्यें दोन्हीं साधूं पाहतो तो दोन्हीं बिघडवितो. म्हणूनच जुन्या कारागिरांनीं थंडीसाठीं निराळी सोय केली, जी काम झालें कीं बंद करतां येते. तिलाच आपण चोक म्हणतो.

ही सोय तीन प्रकारची आढळते. कांहीं यंत्रांत वरच्या तोंडाशीं एक झडप मिटून हवा कोंडतात. एस. यू. यंत्रांत जेटच खालीं ओढतात, त्यामुळें सुईभोंवतालची वाट रुंदावते. सोलेक्स पद्धतींत मुख्य मार्गाहून अलग असा एक लहानसा प्रारंभाचा कार्ब्युरेटरच आंत बसविलेला असतो. त्यास स्वतःचा जेट असतो आणि त्याचें तोंड पायाखालच्या झडपेच्या पलीकडे, एंजिनाच्या बाजूस उघडतें. आमच्या गाडींतील सोय या तिसऱ्या प्रकारची आहे.

आतां वहीकडे वळूं. निफाड-नाशिकची पौषांतील पहांट ज्यानें अनुभवली आहे त्यास मामांच्या मोडी पानांतील पहिल्याच टिपणाचें महत्त्व कळेल. तें असें : ‘चोक पुरा ओढावा. पाय लावूं नये. गाडी धरल्यावर निम्मा, पुलापर्यंत सगळा आंत.’ या तीन वाक्यांत सर्व शास्त्र आहे. या प्रकारच्या यंत्रांत पायाखालची झडप मिटलेली असली तरच तिच्यामागें पुरेशी ओढ निर्माण होते, आणि त्या ओढीनेंच प्रारंभाच्या मार्गांतून दाट मिश्रण येतें. पाय दाबला कीं झडप उघडते, ओढ मोडते आणि चोक ओढलेला असूनहि नसल्यासारखा होतो. झडप मिटविणाऱ्या प्रकारच्या गाड्यांस पायाचा थोडा दाब कधीं कधीं मानवतो. त्या गाड्यांची संवय या गाडीस लावली तर बॅटरी संपते आणि गाडी हलत नाहीं. ‘पुलापर्यंत सगळा आंत’ हें शब्द बचतीचे आहेत. चोक ओढलेला ठेवून पांच-सहा मैल जाणारा मनुष्य पेट्रोल तर घालवितोच, शिवाय न उडालेलें पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरचें तेल धुऊन काढतें आणि एंजिन झिजतें.

याशिवाय थंडींत बॅटरीची शक्ति कमी होते आणि तेल घट्ट होतें, म्हणजे काम वाढतें तेव्हांच मजूर अशक्त होतो. विजेचा स्टार्टर केटरिंग यांच्या प्रयत्नानें कॅडिलॅक गाड्यांवर १९१२ सालीं आला. तेव्हांपासून लोक हँडल मारण्याचे श्रम विसरले, परंतु बॅटरीच्या जाड तारांचीं टोकें घासून ठेवावींत हेंहि विसरले. आणखी एक कारण : गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली कीं कार्ब्युरेटरच्या वाटींतील पेट्रोल उडून जातें. ज्या पंपास हाताची दांडी असते त्याची दांडी पांच-सहा वेळां हलवून वाटी आधीं भरून घ्यावी. मामांच्या शेऱ्यांत ‘पंप हातानें’ असे शब्द दर सुटीनंतर येतात.

(४) बचतीविषयीं प्रवाद

थंडीपेक्षां बचतीविषयीं प्रवाद अधिक. त्यांत अग्रपूजेचा मान कॅनडांतील पोग यांच्या कार्ब्युरेटरचा. १९३० ते १९३६ या काळांत त्यांस अमेरिकेंत पेटंटें मिळालीं. पेट्रोल पूर्ण वाफेच्या रूपांत दिलें तर गॅलनास दोनशें मैलांहून अधिक जातां येईल असा बोभाटा झाला. आणि तें यंत्र तेल-कंपन्यांनीं दडपलें अशी कथा तेव्हांपासून चालत आली आहे. पेटंट मिळालें म्हणजे कल्पना नवी ठरली. ती दाव्याप्रमाणें चालते हें कांहीं त्यावरून सिद्ध होत नाहीं. शिवाय साधा विचार पुरेसा आहे. नीट चाललेल्या, तापलेल्या एंजिनांत न जळतां बाहेर जाणारें पेट्रोल शेंकडा थोडेंच असतें. तें सर्व जाळलें तरी तेवढेंच पदरांत पडेल. दुपटी-दसपटीचा लाभ कोठून येणार? खरी हानि निराळीच आहे : जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा सुमारें चौथा हिस्सा चाकांच्या कामीं येतो, बाकीची उष्णता पाणी आणि धूर यांच्या वाटे जाते. ती कार्ब्युरेटरच्या हातची नव्हे.

याच्या उलट, खरोखर मोजलेली बचत कशी दिसते तें पाहावें. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतीं वुड रिव्हर येथील शेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९३९ सालीं तेथील नोकरांनीं आपसांत पैज लावली. त्या वर्षींचा विजयी आंकडा ४९.७३ मैल, अर्थात् अमेरिकन गॅलनचा. म्हणजे लिटरास सुमारें २१ किलोमीटर. पुढें ही पैज वार्षिक स्पर्धा झाली, आणि १९७३ सालीं १९५९ च्या एका फियाट ६०० गाडीनें ३७६.५९ मैल, म्हणजे लिटरास सुमारें १६० किलोमीटर गांठले. परंतु ती गाडी रस्त्यावर वापरण्याजोगी उरलीच नव्हती. बचतीखेरीज तिच्यापासून कसलेंहि काम अपेक्षित नव्हतें. घर्षण कमी करणें आणि मंद गतीनें जाणें यांतून बचत होते, एवढा बोध आपण घ्यावा.

त्याच १९७३ सालच्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आंखडला आणि थोड्याच महिन्यांत पिंपाचा भाव सुमारें तीन डॉलरांवरून बारा डॉलरांच्या घरांत गेला. आपल्याकडेहि पेट्रोल महागलें. त्या काळीं जेट लहान बसविण्याची टूम निघाली होती. लहान जेटनें मिश्रण फार विरळ झालें कीं ज्योत मंद पसरते, एंजिन तापतें, अडखळतें. मग चालविणारा पाय अधिक दाबतो आणि वांचविलेलें पेट्रोल दामदुपटीनें परत जातें. मामांनीं ही टूम केली नाहीं. त्या वर्षांतील त्यांचे शेरे असे आहेत : चाकांत हवा भरली, टॅपेट बघितले, पॉइंट घासले, हवेची जाळी धुतली, ‘मागलें उजवें चाक हातानें फिरेना, ब्रेक सोडविला.’ आणि आंकडा चौतीसचा चौतीस राहिला. अडकलेला ब्रेक कार्ब्युरेटरच्या माथीं मारण्याची चूक आजहि सर्रास होते.

(५) आंकड्याचें वाचन

आतां मूळ मुद्द्यावर येतों. गाडी आमच्याकडे आली त्या पहिल्याच हिवाळ्यांत ती सकाळीं धरीना. आम्हीं वही उघडली. मोडी तेव्हां आम्हांस जेमतेम वाचतां येई, म्हणून पहिलीं पानें उलटून टाकून बाळबोध भाग पाहिला. तेथें एका ठिकाणीं ‘मेन जेट’ असे शब्द आणि पुढें आंकडा होता. तो आम्हीं १३० असा वाचला. मिस्त्रींनीं कार्ब्युरेटर उघडून आंतील जेटवर १२० असल्याचें सांगितलें. आम्हीं लगेच निष्कर्ष काढला कीं, मध्यंतरीं कोणी तरी चुकीचा जेट बसविला आहे. मिस्त्री म्हणाले, “मास्तर, आंत बसलाय तो बरोबर आहे. गाडीचा आवाज सांगतोय. आणि थंडीचं दुखणं या जेटांत नाहीं.” आम्हीं त्यांस सांगितलें कीं लेखी पुराव्यापुढें आवाज चालत नाहीं. त्यांनीं मुकाट्यानें १३० चा जेट बसवून दिला.

या जेटांवरील आंकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १२० चे १३० झाले म्हणजे फरक अल्प वाटतो. परंतु पेट्रोल व्यासांतून वाहत नसून क्षेत्रांतून वाहतें, आणि क्षेत्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. १२० चा वर्ग १४,४०० आणि १३० चा १६,९००. म्हणजे वाट शेंकडा सतरांनीं रुंदावली. शुल्बसूत्रें शिकविणाऱ्यास हा हिशेब आधींच सुचावयास हवा होता. गाडी लिटरास बाराच्या ठिकाणीं दहाच्या आसपास चालूं लागली. थंडींत ती पूर्वीप्रमाणेंच धरीना, कारण आम्ही दर सकाळीं पाय दाबीत होतों. आम्हीं मिस्त्रींच्या हाताला दोष दिला, त्यांच्याकडे जाणें सोडलें, आणि चार लोकांतहि तसें बोललों. पुढें गाडी शेडमध्यें उभी राहिली.

सेवानिवृत्तीनंतर मोडीचा सराव वाढला तेव्हां वही पुन्हां पहिल्या पानापासून वाचली. प्रारंभाचें जें टिपण वर दिलें आहे त्याच्याच खालीं जेटांची यादी होती, आणि मुख्य जेटच्या पुढें, दस्तऐवजांत रक्कम लिहितात त्या रीतीनें, आंकडा देऊन शिवाय ‘अक्षरीं एकशें वीस’ असें लिहिलें होतें. वकिलाचाच हात तो. मग बाळबोध पानांतील तारखांमधले २ आणि ३ एका कागदावर उतरून ताडून पाहिले. मामांच्या २ ची शेपटी घाईंत दुमडते आणि मधें पोट असल्याचा भास होतो. खऱ्या ३ मध्यें दोन पोटें स्वच्छ आहेत. आम्हीं जो ३ वाचला तो २ होता. शिवाय चौतीस मैलांचा आंकडा वहीभर अखंड होता. मोठा जेट असता तर तो आला नसता. अंतर्गत पुरावा, अक्षरवटिका आणि गाडींत बसलेला प्रत्यक्ष जेट, असे तिन्ही साक्षी एकमुखानें बोलत होते. आम्हीं एका दुमडलेल्या शेपटीवर विश्वास ठेवून तिघांस खोटें पाडलें होतें.

मिस्त्री तेव्हां हयात नव्हते. आम्ही त्यांच्या मुलाकडे गेलों आणि घडलें तें सांगितलें. त्यांनीं एक पत्र्याचा डबा काढला. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून काढलेले भाग त्यांचे वडील कागदांत गुंडाळून, वर गाडीचा नंबर घालून ठेवीत. आमच्या नंबराची पुडी त्यांत होती आणि तींत १२० चा जेट. भिंगाखालीं आंकडा निःसंशय दिसतो. वडिलांनीं याविषयीं कधीं कांहीं म्हटलें नव्हतें, असें मुलगा म्हणाला. म्हणून येथें आम्हींच म्हणतों : त्या मिस्त्रींचें काम निर्दोष होतें, दोष आमच्या वाचनाचा होता.

(६) आजचें पेट्रोल

मूळ पाठ ठरला म्हणजे काम संपलें असें आम्हांस वाटलें होतें. परंतु मामांचा जेट ज्या पेट्रोलासाठीं होता तें पेट्रोल आतां मिळत नाहीं. शिसें घातलेलें पेट्रोल देशांत २००० सालच्या आरंभीं बंद झालें. आणि त्यानंतर इथेनॉलची मिसळ वाढत जाऊन २०२५ पर्यंत ती शेंकडा वीसवर पोंचली. इथेनॉलच्या रेणूंत प्राणवायु असल्यामुळें त्यास हवा कमी लागते : एका भागास नऊच भाग. वीस टक्के मिश्रणाचें योग्य प्रमाण १४.७ वरून सुमारें साडेतेरावर येतें. अर्थात् जुन्या जेटमधून आलेलें तेंच मिश्रण आतां विरळ ठरतें. त्यांतच इथेनॉलची उष्णता आकारमानानें पेट्रोलहून सुमारें तिसऱ्या हिश्शानें कमी, म्हणजे मिश्रणाची शेंकडा सहा-सातांनीं कमी. आणि वाफ होतांना तें पेट्रोलहून पुष्कळ अधिक उष्णता शोषून घेतें, त्यामुळें थंडीचा प्रारंभ आणखी कठीण होतो. तें पाणीहि ओढून घेतें आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे यांस मानवत नाहीं.

मिस्त्रींच्या मुलानें ही गोष्ट आमच्या आधीं ओळखली. १२० चा जेट बसवून गाडी फिरवून आणल्यावर ते म्हणाले, “सर, जेट बरोबर आहे, पेट्रोल बदललंय. एकशे पंचवीस घालून बघूं.” या वेळीं आम्हीं हुज्जत घातली नाहीं, फक्त हिशेब केला. १२५ चा वर्ग १५,६२५. वाट शेंकडा साडेआठांनीं रुंद. मिश्रणास लागणारी वाढ सुमारें तितकीच. त्यांच्या कानानें आणि आमच्या त्रैराशिकानें एकच उत्तर दिलें; त्यांचें आधीं आलें इतकेंच. त्यांनीं पंपाचा पडदा आणि नळ्या नव्या मिश्रणास टिकणाऱ्या घातल्या, चोकची तार शेवटपर्यंत ओढली जात नव्हती ती आंखूड केली, वाटींतील पेट्रोलची पातळी जमविली आणि प्लग व पॉइंट साफ केले.

संग्राहक बंधूंस आमची विनंति एवढीच कीं, क्रम पाळावा. प्रथम बॅटरी, तारा, प्लग, टॅपेट, ब्रेक आणि चाकांतील हवा पाहावी. मग यंत्र धुऊन मूळचे जेट कोणते तें ठरवावें. आणि त्यानंतरच आजच्या पेट्रोलापुरता फरक करावा. मूळ जेट फेंकूं नये, छिद्र कोरून मोठें तर कधींच करूं नये. कोरलेलें छिद्र म्हणजे खरवडलेलें अक्षर, तें परत येत नाहीं. आणि येथें दिलेले आंकडे या एका गाडीचे, या एका कार्ब्युरेटरचे आहेत. ते दुसऱ्या गाडीस लावूं नयेत.

मामांच्या वहींत कांहीं पानें कोरीं होतीं. त्यांतील पहिल्या पानावर आम्हीं तारीख घालून नवी नोंद केली आहे : मूळ जेट १२०, पुडींत ठेवला, सध्यांचा जेट १२५, कारण पेट्रोलांत इथेनॉल, बसविणार मिस्त्रींचे चिरंजीव. पुढच्या वाचकास आमच्या अक्षराचा भरंवसा वाटूं नये म्हणून आंकड्यापुढें लिहिलें आहे : अक्षरीं एकशें पंचवीस.